छापील मानक आणि चालता इंटरफेस: रुग्णालयातील एचएल७ जोडणी प्रत्यक्षात कशी असते

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमधील एका सॉफ्टवेअर कंपनीकडे रुग्णालयाची मुख्य प्रणाली, म्हणजे एचआयएस, आणि त्याच इमारतीत चालणाऱ्या प्रयोगशाळेची प्रणाली, म्हणजे एलआयएस, जोडण्याचे काम आले आहे. एचएल७ म्हणजे अशा प्रणालींनी एकमेकींना संदेश कसे पाठवावेत याचे मानक; दोन्ही व्हेंडरांनी ‘एचएल७ आवृत्ती २.५.१ शी सुसंगत’ असे लेखी दिले आहे. प्रश्नकर्त्याने मानकाचा दस्तऐवज नीट वाचून त्याबरहुकूम पार्सर, म्हणजे संदेश वाचून त्याचे भाग वेगळे करणारा प्रोग्रॅम, लिहिला आणि चाचणीच्या पहिल्याच दिवशी बरेचसे संदेश अडकले. मानकात न बसणारे सगळे संदेश सरळ परत पाठवावेत का, आणि आयुष्मान भारत डिजिटल मिशनसाठी पुढे फायर (एफएचआयआर), हे एचएल७चेच नवे मानक, वापरायचेच आहे तर या जुन्या धाटणीच्या संदेशांवर डोकेफोड करावी का, असे त्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर असे की संदेशाच्या बांधणीबाबत सैल राहावे, वैद्यकीय मूल्यांबाबत अजिबात सैल राहू नये, आणि विसंगती दिसली की तिचे कारण सर्व्हरवर शोधण्याआधी नोंदणी काउंटरवर आणि वॉर्डात शोधावे. दुसऱ्या प्रश्नाकडे शेवटी येतो.

हे मानक बनवणारी एचएल७ ही संस्था १९८७ मध्ये सुरू झाली तेव्हा रुग्णालयांत निरनिराळ्या कंपन्यांच्या प्रणाली आधीच चालू होत्या, आणि त्या मोडून नव्याने बांधायला कोणी तयार नव्हते. त्यामुळे २.x मालिकेची रचनाच अशी झाली की जे चालू आहे ते तिच्यात बसावे: बहुतेक फील्ड, म्हणजे माहितीचे रकाने, ऐच्छिक, कित्येक कोडतक्ते ‘वापरकर्त्याने ठरवावेत’ अशा सदरात, आणि यातही न मावणाऱ्या माहितीसाठी झेड अक्षराने सुरू होणारे स्वतःचे सेगमेंट, म्हणजे संदेशातील ओळी. याचा व्यावहारिक अर्थ असा की दोन प्रणाली मानकाशी पूर्णपणे सुसंगत असूनही एकमेकींशी एक शब्द बोलू शकणार नाहीत, आणि दोन्ही व्हेंडरांनी दिलेले पत्र तरीही खोटे ठरणार नाही. टेंडरमध्ये ‘एचएल७ सुसंगत’ एवढीच अट घालणाऱ्या खरेदी विभागाला हे कोणी समजावून सांगत नाही.

बांधणीतील विसंगती त्रासदायक असतात, पण क्षुल्लक असतात. मानकानुसार प्रत्येक सेगमेंट कॅरेज रिटर्नने संपतो. प्रत्यक्षात कोणी लाइन फीड पाठवतो, कोणी दोन्ही. अहवालाच्या शेऱ्यात अँपरसँड किंवा उभी रेघ आली की ती एस्केप करायची असते; टंकलेखकाने ‘यकृत & प्लीहा’ असे इंग्रजीत टंकले की पुढचा मजकूर उपघटक समजून गायब होतो. एमएसएच-१८ मध्ये, म्हणजे संदेशाच्या एमएसएच या पहिल्या सेगमेंटच्या अठराव्या फील्डमध्ये, अक्षरसंच सांगायचा असतो, तो रिकामा असतो आणि संदेशात देवनागरी नाव मात्र युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेले असते, जे पलीकडे निरर्थक रोमन अक्षरांच्या रूपात पोहोचते. ही सगळी दुरुस्ती मिर्थसारख्या इंटरफेस इंजिनमध्ये, म्हणजे दोन प्रणालींच्या मध्ये बसून संदेश दुरुस्त करून पुढे पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, करावी, एकदा करावी आणि विसरून जावी. यासाठी संदेश परत पाठवण्यात काही मिळत नाही. समोरचा व्हेंडर ‘इतर रुग्णालयांत तर चालते’ असे सांगेल, आणि ते खरेही असेल.

खरा धोका जो संदेश मानकात अगदी नीट बसतो त्यात असतो. पावसाळा सरता सरता डेंग्यूचे रुग्ण वाढतात तेव्हा वॉर्डात सर्वाधिक विचारला जाणारा आकडा प्लेटलेटचा असतो. सेल काउंटर यंत्र तो बहुधा हजार प्रति मायक्रोलिटर या एककात देते, समजा ८५. प्रयोगशाळेचा छापील अहवाल डॉक्टरांच्या आणि नातेवाइकांच्या सवयीप्रमाणे लाखांत असतो, म्हणजे ०.८५. एचआयएसमधील आलेखाला पूर्ण संख्या हवी असते, म्हणजे ८५,०००. तिन्ही आकडे एकाच रक्ताचे आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत. मानक एवढेच सांगते की निकालाच्या ओबीएक्स या सेगमेंटमध्ये मूल्य ओबीएक्स-५ मध्ये, एकक ओबीएक्स-६ मध्ये आणि संदर्भ मर्यादा ओबीएक्स-७ मध्ये द्यावी. प्रत्यक्षात ओबीएक्स-६ कधी रिकामे असते, कधी त्यात नुसते ‘लाख’ असते, आणि कधी ‘प्रति घन मिलिमीटर’ असे लिहिलेले असूनही मूल्य लाखांत असते, कारण टेस्ट मास्टर, म्हणजे एलआयएसमधील चाचण्यांची मूळ यादी, भरणाऱ्या व्यक्तीने अहवालावर जसे छापून यायला हवे होते तसे टंकले. हे एकक पुढे कोणते यंत्र वाचणार आहे याची तिला कल्पना असण्याचे कारणच नव्हते.

अशा वेळी एचआयएसच्या बाजूला बसलेला प्रोग्रॅमर एक अट लिहितो: मूल्य दहापेक्षा लहान असेल तर ते लाखांत आहे असे समजावे, मोठे असेल तर हजारांत. चाचणीसाठी दिलेल्या नमुन्यांत ही अट अचूक चालते. मग एके रात्री ज्याच्या प्लेटलेट खरोखर आठ हजारांवर आल्या आहेत अशा रुग्णाचा निकाल यंत्राकडून हजारांत, म्हणजे ‘८’ असा येतो, अट त्याला लाखाने गुणते, आणि रक्तस्रावाच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाच्या नावापुढे आठ लाख प्लेटलेट दिसतात. ज्या रुग्णासाठी आकडा अचूक असणे सर्वांत गरजेचे, नेमक्या त्याच रुग्णाच्या बाबतीत ही युक्ती फसते. म्हणून माझा नियम कडक आहे: एककाचा अंदाज कधीही बांधू नये. चाचणी आणि एकक यांची जोडी आधी लिहून ठेवलेल्या यादीत नसेल तर निकाल थांबवावा, तांबड्या रंगात दाखवावा आणि प्रयोगशाळेला फोन जाईल अशी व्यवस्था करावी. लॉइंक, म्हणजे चाचण्यांसाठीचा आंतरराष्ट्रीय कोड, वापरला की हा प्रश्न सुटतो असा एक समज आहे. स्वयंचलित मोजणीने आलेल्या प्लेटलेटचा लॉइंक कोड ७७७-३ आहे; पण तो काय मोजले ते सांगतो, कोणत्या एककात ते ठरवून देत नाही. लाखांत पाठवणारा आणि हजारांत पाठवणारा दोघेही ७७७-३ असेच लिहितील.

याच्याच शेजारचा दोष म्हणजे आकड्याच्या जागी मजकूर. ओबीएक्स-२ मध्ये ‘एनएम’, म्हणजे संख्या, असे जाहीर केलेले असते आणि ओबीएक्स-५ मध्ये ‘०.०१ पेक्षा कमी’ हे चिन्हासह येते, किंवा ‘नमुना हेमोलाइज्ड, पुन्हा पाठवावा’ असे वाक्य येते. मानकात तुलनेच्या चिन्हासह संख्या पाठवण्यासाठी ‘एसएन’ हा स्वतंत्र प्रकार आहे; आमच्या भागात तो वापरणारी एलआयएस मला क्वचितच भेटली. येथे पार्सरने चिन्ह काढून टाकून उरलेली संख्या साठवली तर ट्रोपोनिनसारख्या हृदयविकाराच्या चाचणीत अर्थ बदलतो. चिन्हासह मजकूर म्हणून साठवावे आणि आलेखात तो बिंदू दाखवू नये, हे बरे.

ओळखक्रमांकांबाबत मानकाचे गृहीतक असे आहे की ऑर्डर पाठवणाऱ्याचा आणि ती पूर्ण करणाऱ्याचा क्रमांक आपापल्या प्रणालीत एकमेव असतो. आपल्याकडील अनेक प्रयोगशाळांत नमुन्याला रोज सकाळी एकपासून सुरू होणारा क्रमांक देतात, कारण तंत्रज्ञ रॅककडे पाहून ‘सत्तावीस नंबर लावला का?’ असेच विचारतो, आणि नळीवर मार्करने दोन आकडे लिहिणे सोपे असते. यंत्र आणि एलआयएस यांच्यात बहुधा एचएल७ नसते. एएसटीएम पद्धतीचा जुना संवाद सिरियल केबलवरून चाललेला असतो, आणि त्यात यंत्र नमुना क्रमांक २७ एवढेच सांगते. काल रात्री लावलेला २७ क्रमांकाचा निकाल मध्यरात्रीनंतर आला की तो आजच्या २७ ला चिकटू शकतो. बारकोड सुरू झाला तरी घाईत हाताने क्रमांक टंकण्याची वाट उघडीच राहते, आणि बारकोडातील सुरुवातीची शून्ये एखादी प्रणाली गाळते हे वेगळेच. रेडिओलॉजीकडे याच जातीचा दोष आहे: डायकॉममध्ये, म्हणजे वैद्यकीय प्रतिमांच्या मानकात, ॲक्सेशन नंबर (तपासणीचा क्रमांक) जास्तीत जास्त १६ अक्षरांचा असतो, आणि शाखा, विभाग, वर्ष, महिना असे सगळे जोडून लांबलचक क्रमांक बनवणाऱ्या एचआयएसचा शेपटाकडील भाग, म्हणजे नेमका वेगळेपणा दाखवणारा भाग, सोनोग्राफी यंत्राच्या वर्कलिस्टवर येईपर्यंत कापला जाऊ शकतो.

नाव आणि जन्मतारीख यांबाबत मानक आपल्या अपेक्षेपेक्षा अधिक समंजस आहे, सॉफ्टवेअर नाही. रुग्णाची ओळख सांगणाऱ्या पीआयडी सेगमेंटमध्ये, पीआयडी-५ मध्ये, आडनाव, नाव आणि मधले नाव यांना वेगवेगळे घटक आहेत, त्यामुळे आपली नाव-वडिलांचे नाव-आडनाव ही पद्धत त्यात व्यवस्थित बसते. पण काउंटरवर एकच चौकट असते, आधारवर एक क्रम, रेशनकार्डावर दुसरा, रेफर करणाऱ्या सिन्नरच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसते नाव आणि आडनाव. सॉफ्टवेअर जागेवरून तुकडे पाडते आणि ‘सौ.’ हे कोणाचे तरी पहिले नाव होऊन बसते. नवजात बाळ ‘बेबी ऑफ’ अशा नावाने नोंदले जाते, जुळी असतील तर एक आणि दोन. बारशानंतर नाव बदलते आणि लसीकरणाला आल्यावर नवीन नोंद होते.

जन्मतारखेचेही तसेच आहे. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातून आलेले आजोबा वय ‘सत्तरच्या पुढे’ असे सांगतात. पीआयडी-७ मध्ये नुसते वर्ष पाठवण्याची मुभा मानकाने दिलेली आहे. परंतु डेटाबेसच्या रकान्याला पूर्ण तारीख हवी असते, म्हणून प्रणाली त्या वर्षाची १ जानेवारी भरते आणि हा अंदाज पुढच्या प्रत्येक प्रणालीला खात्रीची तारीख म्हणून मिळतो. मोठ्या माणसाच्या बाबतीत यामुळे फारसे बिघडत नाही. आठ महिन्यांच्या बाळाच्या नोंदीत पूर्ण वर्षांचे वय टाकले की संदर्भ मर्यादा चुकते आणि निकालापुढचा कमी-जास्तचा शेरा चुकतो. म्हणून १ जानेवारी ही तारीख दिसली की ती ‘अंदाजित’ समजून स्वतंत्र खूण करावी, अशी माझी शिफारस असते.

आता डिस्चार्ज. ए०३ हा संदेश रुग्णाचा मुक्काम संपल्याचे सांगतो, असे मानक म्हणते. पण रुग्णालयात मुक्काम संपतो केव्हा? डॉक्टर सकाळच्या राउंडला डिस्चार्ज लिहितात. फाइल बिलिंगला जाते, औषधे परत होतात, कॅशलेस रुग्ण असेल तर टीपीएच्या, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्या कंपनीच्या, मंजुरीसाठी दुपार जाते, नातेवाईक संध्याकाळी गाडी घेऊन येतात आणि मग खाट रिकामी होते. एका रुग्णालयात वॉर्डातील सिस्टरने डिस्चार्जची नोंद केली की ए०३ निघतो. दुसऱ्यात फायनल बिल बंद झाल्यावरच निघतो. दोन्ही संदेश अक्षरशः सारखे दिसतात. पहिल्या प्रकारात सकाळी दहाला भेट, म्हणजे त्या मुक्कामाची नोंद, बंद झाली, आणि दुपारी डॉक्टरांनी घरी पाठवण्याआधी पुन्हा एकदा क्रिएटिनिन करायला सांगितले, तर एलआयएसमध्ये त्या नमुन्याला जागाच उरत नाही. तंत्रज्ञ काम अडवून ठेवत नाही; तो त्याच रुग्णाची बाहेरचा रुग्ण म्हणून नवीन नोंद करतो, निकाल देतो, आणि तो निकाल दुसऱ्याच क्रमांकाखाली कायमचा राहतो. दुसऱ्या प्रकारात बिलाचा वाद दोन दिवस चालला तर घरी गेलेला रुग्ण यादीत खाटेवरच दिसतो आणि आहार विभाग त्याचा चहा पाठवत राहतो. ‘डिस्चार्ज होऊ घातला आहे’ असे सांगणारा ए१६ हा संदेश मानकात आहे. तो पाठवणारी प्रणाली शोधून सापडत नाही, कारण तशी नोंद करण्याचे बटण कोणाच्याच पडद्यावर नसते. येथे प्रोग्रॅमरने काय करावे याचे उत्तर मानकात मिळणार नाही. मेट्रन, बिलिंग प्रमुख आणि प्रयोगशाळा प्रमुख यांना एका टेबलाशी बसवून, ए०३ नंतर किती वेळ भेट उघडी ठेवायची हे त्यांच्याकडून लेखी घ्यावे लागते.

रिकाम्या फील्डचा प्रश्न कागदावर सुटलेला आहे. फील्ड रिकामे असेल तर ‘जुनी किंमत तशीच ठेवा’, आणि त्यात नुसती दोन दुहेरी अवतरणचिन्हे असतील तर ‘जुनी किंमत पुसा’, असा २.x मधील अर्थ आहे. बहुतेक प्रणाली ही अवतरणचिन्हे पाठवतच नाहीत. परिणामी रुग्णाने ‘माझा जुना मोबाइल नंबर काढून टाका’ असे काउंटरवर सांगितले, लिपिकाने तो काढला, रुग्णाची माहिती बदलल्याचे सांगणारा ए०८ संदेश रिकाम्या फील्डसह गेला आणि एलआयएसने नियमानुसार जुना नंबर जपून ठेवला. अहवालाची लिंक पुढेही त्याच नंबरवर, कदाचित परक्या माणसाला, जात राहिली. दोन्ही बाजूंनी रिकाम्या फील्डचे आपापले अर्थ फील्डनिहाय विचारून घ्यावेत. पोचपावतीचेही असेच आहे: ‘एए’ म्हणजे संदेश स्वीकारून त्यावर प्रक्रिया झाली असे मानले जाते, प्रत्यक्षात ती पावती मधल्या इंजिनने दिलेली असते आणि संदेश नंतर रांगेत अडकलेला असतो. पाठवलेल्या ऑर्डर आणि साठवलेल्या ऑर्डर यांचा रोज रात्री ताळा घ्यावा. पावत्यांवर विसंबू नये.

कामाची पद्धत म्हणून मी कोड लिहिण्याआधी प्रत्यक्षात वाहणारे संदेश मागतो, आणि ते व्हेंडरने निवडलेले नमुने नसतात. रविवारची रात्र, महिनाअखेर, अपघात विभागात ‘अज्ञात पुरुष’ म्हणून नोंदलेला आणि नंतर ओळख पटलेला रुग्ण, रद्द झालेली ऑर्डर, दुरुस्त केलेला निकाल आणि मुंबईच्या रेफरन्स लॅबकडून पीडीएफ म्हणून आलेला अहवाल, एवढे त्यात असायला हवे. अर्थात रुग्णाची ओळख पुसूनच. संदेश ई-मेलने किंवा व्हॉट्सॲपने मागवू नयेत. अज्ञात रुग्णाच्या दोन नोंदी एकत्र करणारा ए४० संदेश समोरची प्रणाली खरोखर हाताळते की नुसती ‘एए’ म्हणून सोडून देते, हे तर डोळ्यांनी पाहावे. त्यानंतर प्रत्येक वापरातील फील्डसाठी काय यायला हवे, काय येते, का येते आणि आपण त्याचे काय करतो, हे लिहावे. ‘का येते’ हा रकाना लोक गाळतात. तो नसला की दोन वर्षांनी कोणीतरी नवा अभियंता ‘ही विचित्र अट कशाला?’ म्हणून ती काढून टाकतो.

आता फायर. त्यामुळे जोडणीचे तांत्रिक काम निश्चितच सुलभ होते, एस्केप आणि कॅरेज रिटर्नच्या कटकटी संपतात, हे मान्य. पण २०१९ च्या आर-४ आवृत्तीत पेशंट या रिसोर्समध्ये, म्हणजे माहितीच्या साच्यात, एकही घटक सक्तीचा नाही, ऑब्झर्वेशनमध्ये स्थिती आणि कोड एवढेच सक्तीचे आहेत, आणि कोडही नुसत्या मजकुराच्या रूपात देता येतो. एककासाठी यूकम या प्रमाणित एकक-कोडची जागा आहे, पण ती ऐच्छिक आहे. लाख आणि हजारांचा घोळ तसाच्या तसा तेथे जाऊन बसू शकतो. पुण्याच्या सी-डॅकमधील राष्ट्रीय संसाधन केंद्राने, म्हणजे एनआरसीईएसने, भारतासाठी प्रोफाइल तयार करून ही मोकळीक बरीच आवळली आहे, आणि स्नोमेड सीटी ही वैद्यकीय संज्ञांची कोडसूची भारतात २०१४ पासून विनाशुल्क उपलब्ध आहे. तरीही हेल्थ डॉक्युमेंट रेकॉर्ड या प्रकारात स्कॅन केलेला कागद पीडीएफ म्हणून घालून पाठवता येतो, आणि कामाच्या रेट्यात रुग्णालये तोच मार्ग धरतात. संदेश वैध असतो, त्यात माहिती मात्र चित्राच्या रूपात असते. शिवाय रुग्णाच्या नोंदी शोधताना मोबाइल क्रमांक, नाव, लिंग आणि जन्मवर्ष यांचा आधार घेतला जातो, म्हणजे रुग्णाचा १४ अंकी आभा (आरोग्य खाते) क्रमांक असला तरी काउंटरवरचे ते ‘सत्तरच्या पुढे’ येथेही आडवे येते.

म्हणून जुन्या संदेशांवरचे काम वाया जात नाही. फायरचा बंडल, म्हणजे अशा रिसोर्सचा गठ्ठा, तयार होतो तो याच ओबीएक्समधून आणि याच पीआयडीतून. एककांची यादी, स्थानिक चाचणीकोड आणि लॉइंक यांची जुळणी, अंदाजित जन्मतारखेची खूण, हे सगळे आता केले तर पुढे जसेच्या तसे वापरता येते. ओबीएक्स-३ मध्ये स्थानिक कोड आणि लॉइंक हे दोन्ही शेजारी शेजारी पाठवायची सोय आहे, ती आजपासूनच वापरावी. आणि गोळा केलेले नमुना संदेश, ओळख पुसलेल्या स्वरूपात, तपासणीसंच म्हणून जपून ठेवावेत: एलआयएसची नवी आवृत्ती आली, नवीन सेल काउंटर बसला किंवा टेस्ट मास्टरमध्ये कोणी एकक बदलले की तो संपूर्ण संच पुन्हा चालवावा, आणि त्यात ‘८’ असा आलेला प्लेटलेटचा निकाल नक्की असावा.